ना कचेरी, ना कोनशिला : डेबियन प्रकल्पाची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की लेखणी आधी जागेकडे वळते. संस्थापकांच्या वाड्यातली पडवी, मग भाड्याच्या दोन खोल्या, मग कुणा दानशूराने दिलेला भूखंड, भूमिपूजन, कोनशिला आणि उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचे छायाचित्र. डेबियनच्या बाबतीत यातले काहीच हाताशी नाही. या प्रकल्पाला कचेरी नाही, पगारी सेवक नाहीत, स्वतःच्या नावावर नोंदणीही नाही. देणग्या स्वीकारायच्या, सर्व्हर विकत घ्यायचा किंवा नावाचा कायदेशीर हक्क सांभाळायचा, तर ते काम प्रामुख्याने ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही १९९७ साली अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था त्याच्या वतीने करते. तरीही १६ ऑगस्ट १९९३ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाने तिशी केव्हाच ओलांडली. सुमारे हजार सदस्य आणि त्यांच्याभोवती त्याहून मोठा मदतनिसांचा गोतावळा, देशोदेशी विखुरलेला, इंटरनेटवरच्या पत्रव्यवहारातून एक संपूर्ण संगणक कार्यप्रणाली उभी करतो आणि जगाला मोफत देतो. तेव्हा या इतिहासात इमारतींच्या जागी लेखी वचने येतील आणि उघड्यावर झालेली भांडणे येतील. प्रकल्प टिकला तो या दोहोंमुळेच, असे माझे मत आहे.

इयन मर्डॉक तेव्हा वीस वर्षांचे होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, पर्ड्यू विद्यापीठात शिकत होते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जाहीर केला होता. पण नुसत्या गाभ्याने संगणक चालत नाही. त्याच्यावर शेकडो लहानमोठे प्रोग्राम बसवावे लागतात, आणि अशी तयार बांधणी करून देणाऱ्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. त्या काळी ‘एसएलएस’ नावाचे डिस्ट्रिब्युशन जोरात होते आणि चुकांनी भरलेले होते. मर्डॉक यांनी आधी त्यातच दुरुस्त्या करून पाहायचे ठरवले, मग सगळे नव्याने बांधलेले बरे असा निर्णय घेऊन तशी घोषणा युजनेट या त्या काळच्या चर्चा-जाळ्यावर टाकली. मैत्रीण (पुढे पत्नी) डेब्रा आणि स्वतः इयन अशी दोघांची नावे जोडून प्रकल्पाचे नाव ठेवले. जानेवारी १९९४ मध्ये त्यांचा जाहीरनामा आला. डिस्ट्रिब्युशन बांधणे आणि त्याची निगा राखणे हे कंटाळवाणे काम आहे, त्यात मिरवण्यासारखे काही नाही, म्हणून ते कुणी मनापासून करत नाही, असे त्यांचे निदान होते. उपाय म्हणून त्यांनी हे काम पहिल्यापासून सर्वांसमक्ष, सर्वांच्या मदतीने करायचे ठरवले. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर आर्थिक पाठबळ दिले. तेवढा एक काळ सोडला तर प्रकल्प स्वयंसेवकांच्याच जिवावर चालत आला आहे.

‘सर्वांच्या मदतीने’ हे जाहीरनाम्यात लिहिणे सोपे असते. प्रत्यक्षात ते जमले ते एका तांत्रिक निर्णयामुळे. डेबियनमधला प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र पॅकेज असतो. त्या पॅकेजसोबतच्या माहितीत त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात याची यादी असते, आणि मेंटेनरचे, म्हणजे ते सांभाळणाऱ्याचे नाव व ईमेल पत्ता असतो. पॅकेज बसवणारा ‘डीपीकेजी’ हा प्रोग्राम ती यादी वाचतो आणि काही कमी पडत असेल तर तिथेच अडतो. कुठली फाइल कोणत्या फोल्डरमध्ये जायची, सेटिंग कुठे ठेवायची, पॅकेज काढून टाकताना मागे काय उरू द्यायचे, हे सगळे ‘डेबियन पॉलिसी’ नावाच्या नियमपुस्तकात लिहिलेले असते. त्यामुळे जपानमधल्या माणसाने बांधलेले पॅकेज ब्राझीलमधल्या माणसाने बांधलेल्या पॅकेजशेजारी बिनबोभाट नांदते. दोघांची ओळख असायची गरज पडत नाही. नव्याने येणाऱ्यालाही ‘मी काय करू?’ असे विचारत फिरावे लागत नाही. एक पॅकेज उचलायचे, त्यावर आपले नाव घालायचे आणि ते नीट ठेवायचे. माणसे जोडण्यासाठी डेबियनने सभासद-मोहिमा काढल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्या नावावर काम आहे तो आपोआप थांबतो, हे त्यांना लवकर कळले.

पहिल्या आवृत्तीची गंमत सांगायला हवी. डेबियन १.० ही आवृत्ती कधी निघालीच नाही. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट तयार असलेला संच परस्पर १.० असे नाव देऊन बाजारात आणला. लोकांचा गोंधळ नको म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये एकदम १.१ प्रसिद्ध केली. तिच्यात ४७४ पॅकेजे होती. मर्डॉक यांच्यानंतर नेतृत्व ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आले होते आणि ते पिक्सार या अॅनिमेशन कंपनीत नोकरीला होते. म्हणून या आवृत्तीला त्या कंपनीच्या ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या बझचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून प्रत्येक आवृत्ती त्याच खेळण्यांच्या पेटीतून नाव घेते. जिथे रोज नवे बदल येऊन आदळतात त्या कायम अस्थिर शाखेचे नाव मात्र सिड. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा तो.

पेरेन्स यांच्या कारकिर्दीतच, जुलै १९९७ मध्ये, ‘सोशल काँट्रॅक्ट’ मंजूर झाला. आपल्याकडे संस्थेची घटना आधी होते आणि उद्दिष्टे तिच्या पहिल्या पानावर गुळगुळीत शब्दांत येतात. डेबियनने उलट केले. सभासदांचे हक्क ठरण्याआधी वापरणाऱ्यांना काय वचन द्यायचे ते ठरवले. वचने पाच : कार्यप्रणाली पूर्णपणे मुक्त (वापरायला, बदलायला आणि पुढे वाटायला मोकळी) राहील, आम्ही केलेल्या सुधारणा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत देऊ, आमच्यातले दोष लपवणार नाही, वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचे हित पहिले धरू, आणि आमच्या कसोटीला न उतरणाऱ्या सॉफ्टवेअरची ज्यांना गरज आहे त्यांना वाऱ्यावर सोडणार नाही, पण ते वेगळ्या कप्प्यात ठेवू. ‘मुक्त’ कशाला म्हणायचे याचे निकषही सोबत लिहिले. पुढच्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ओपन सोर्सची जी व्याख्या स्वीकारली, ती या निकषांवरूनच घेतली होती. एका स्वयंसेवी प्रकल्पाने ईमेलवर वादावादी करून लिहिलेला मजकूर अशा रीतीने साऱ्या उद्योगाची व्याख्या झाला.

दोष न लपवण्याचे तिसरे वचन रोज कसे पाळले जाते ते जवळून पाहण्याजोगे आहे. तुमच्या संगणकावर एखादे पॅकेज बिघडले तर ईमेल पाठवायचा. उलट टपाली क्रमांक येतो. त्या क्षणापासून त्या तक्रारीचा स्वतःचा ईमेल पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर जे कोणी लिहील ते सगळे जगाला वाचता येते : मेंटेनरचे उत्तर, तिऱ्हाइताने सुचवलेली दुरुस्ती, कधी दोघांमधली खडाजंगीसुद्धा. तक्रारीला दर्जा असतो. ‘असे झाले तर बरे’ या किरकोळ इच्छेपासून ‘यामुळे साऱ्या यंत्रणेला धोका आहे’ इथपर्यंत. वरच्या दर्जाच्या तक्रारी सुटल्याशिवाय किंवा ते पॅकेज बाहेर काढल्याशिवाय नवी आवृत्ती निघत नाही. इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये उभी केलेली ही व्यवस्था दिसायला आजही जुनाट आहे. पण नव्या माणसाला आत यायला हेच दार सर्वांत सोयीचे ठरले. कितीतरी सदस्यांची सुरुवात एका तक्रारीने झाली; तक्रार करता करता दुरुस्ती सुचवली, आणि दुरुस्ती सुचवता सुचवता पॅकेज गळ्यात पडले.

तक्रार कुणीही करावी, पण जगभरच्या संगणकांवर जाणारे सॉफ्टवेअर चढवण्याचा अधिकार कुणालाही देता येत नाही. न पाहिलेल्या माणसावर विश्वास कसा टाकायचा? १९९० च्या दशकाच्या अखेरीला अर्जांची गर्दी इतकी झाली की १९९९ मध्ये नव्या सदस्यांचा प्रवेशच काही महिने बंद ठेवावा लागला. दुसऱ्या वर्षी तो उघडला तेव्हा रीतसर प्रक्रिया ठरलेली होती. अर्जदाराचे काम पाहायचे, सोशल काँट्रॅक्टवर त्याला प्रश्न विचारायचे, तांत्रिक परीक्षा घ्यायची. आणि या सगळ्याच्या मुळाशी, विद्यमान सदस्याने त्याला प्रत्यक्ष भेटून ओळख पटवायची. २००० साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे पहिली ‘डेबकॉन्फ’ ही वार्षिक परिषद भरली. तेव्हापासून परिषदेत एक विधी हमखास दिसत आला आहे. माणसे समोरासमोर उभी राहतात, हातात पासपोर्ट आणि एक छापील कागद. कागदावर चाळीस अक्षरांकांची मालिका असते, ती त्या माणसाच्या डिजिटल किल्लीची खूण. समोरच्याने पासपोर्टवरचा फोटो पाहायचा, चेहरा पाहायचा, खूण ताडून पाहायची, कागदावर टिक करायची आणि एक पाऊल सरकायचे. घरी गेल्यावर आपल्या किल्लीने त्याच्या किल्लीवर सही करायची. इंटरनेटवर जन्मलेल्या संस्थेने विश्वासाचा पाया मात्र असा माणसाच्या तोंडावर घातला. लांबच्या गावातल्या अर्जदाराला जवळपास सदस्यच सापडत नसे, हा या पद्धतीचा तोटा होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

डिसेंबर १९९८ मध्ये घटना मंजूर झाली. तिच्यात एक कलम असे आहे की संस्थांच्या घटना वाचायची सवय असलेला माणूस थबकावा : या घटनेमुळे कुणावरही प्रकल्पाचे काम करण्याचे बंधन येत नाही. अट एकच, नियमांच्या आणि रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरोधात जाणूनबुजून काम करायचे नाही. नेता दरवर्षी निवडला जातो, पण तो हुकूम सोडू शकत नाही. फार तर कामे वाटून देतो आणि बाहेर प्रकल्पाची बाजू मांडतो. वाद मिटत नसेल तर तांत्रिक समिती, तिचेही पटले नाही तर सर्व सदस्यांचा ठराव. मतदान पसंतीक्रमाने होते आणि मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय पहिल्यापासून आहे. आपल्याकडे नोटाचे बटण २०१३ साली आले आणि त्याने निकाल बदलत नाही. डेबियनमध्ये उमेदवाराला आधी या ‘कुणीही नाही’लाच हरवावे लागते.

ऑगस्ट २००० मध्ये निघालेली २.२ ही आवृत्ती जोएल क्लेकर यांना अर्पण केली आहे. ‘एस्पी’ या टोपणनावाने ते सगळ्यांना ठाऊक होते. महत्त्वाची पॅकेजे सांभाळत, इतरांना उत्तरे देत. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, एकविसाव्या वर्षी ते गेले. स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराने ते अंथरुणाला खिळले होते, हे बहुतेक सहकाऱ्यांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले. पडद्याआडच्या नात्यांबद्दल आपण एरवी तक्रारीच्या सुरात बोलतो. क्लेकर यांना मात्र तिथे कुणी आजारी मुलगा म्हणून वागवले नाही. प्रकल्पाने आपल्या एका सर्व्हरला त्यांचे नाव दिले.

त्या ‘क्लेकर’सकट चार सर्व्हरांवर नोव्हेंबर २००३ मध्ये घुसखोरी झाली. कुणा सदस्याचा पासवर्ड चोरून घुसखोर आत शिरला आणि लिनक्सच्या गाभ्यातल्या एका दोषाचा फायदा घेऊन त्याने पूर्ण ताबा मिळवला. प्रकल्पाने २१ नोव्हेंबरला हे जाहीर केले आणि पुढे तपासातले तपशीलही प्रसिद्ध केले. सॉफ्टवेअरच्या साठ्याला धक्का लागला नव्हता. याहून मोठी नामुष्की २००८ च्या मे महिन्यात आली. एका तपासणी-साधनाची कुरकुर थांबवावी म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधल्या एकदोन ओळी काढल्या गेल्या होत्या. किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता त्या ओळींतून येत होती. परिणामी डेबियनवर आणि त्यापासून निघालेल्या उबुंटूवर दीडएक वर्ष अशा किल्ल्या तयार होत राहिल्या की प्रत्येक प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. संगणकाला एवढ्या शक्यता तपासायला फारसा वेळ लागत नाही. लुचियानो बेल्लो या डेबियनच्याच सदस्याने दोष शोधला, आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना किल्ल्या बदलत बसावे लागले. सगळा पत्रव्यवहार उघडा होता, बदल करण्याआधी प्रश्नही जाहीरपणे विचारला गेला होता; तरी चूक झाली. उघडेपणाने चूक टळतेच असे नाही. तो कागदपत्रे जागेवर ठेवतो, एवढे मात्र खरे.

दरम्यान घरातले प्रश्न वाढत होते. जुलै २००२ ची आवृत्ती आणि तिच्यानंतरची जून २००५ ची, यांत जवळपास तीन वर्षे गेली. या खंडातच, ऑक्टोबर २००४ मध्ये, मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू आणले. शटलवर्थ स्वतः नव्वदच्या दशकात डेबियनचे सदस्य होते. डेबियनचाच साठा घेऊन, पगारी माणसे लावून, दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायची असा त्यांचा हिशेब, आणि तो जमला. डेबियनमधल्या पुष्कळांना ते लागले. वेळ पाळायची तर थोडे पैसे खर्च करावेत, असा विचार पुढे आला, आणि २००६ मध्ये नेत्याच्या सहभागाने ‘डंक-टँक’ नावाचा उपक्रम सुरू झाला. आवृत्तीची जुळवाजुळव करणाऱ्या दोघांना एकेक महिना पूर्णवेळ काम करता यावे म्हणून मानधन द्यायचे, एवढीच योजना. रकमेच्या मानाने वादळ फार मोठे झाले. मंडपासाठी रात्र रात्र जागणाऱ्या दहा पोरांपैकी दोघांच्या हातात मंडळाने पाकीट ठेवले तर उरलेली आठ दुसऱ्या दिवशी किती वाजता येतील, हे गणेशोत्सवात राबलेल्या कुणालाही सांगता येईल. काहींनी काम आखडते घेतले. काहींनी ‘डंक-बँक’ नावाचा विडंबनगट काढून आवृत्ती अडेल इतके दोष शोधायचा विडा उचलला. नेत्याला परत बोलावण्याचा ठराव आला, तो पडला. डिसेंबर २००६ ला ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. योजना आखणारे वाईट हेतूचे नव्हते. पण स्वेच्छेच्या कामात पैसा निवडून कुणाला द्यायचा हा प्रश्न पैशाचा राहत नाही, मानाचा होतो, आणि त्याचे उत्तर घटनेत नव्हते. आज डेबियनची पॅकेजे सांभाळणारे अनेक जण आपापल्या कंपनीचा पगार घेऊन तेच काम करतात आणि कुणाची हरकत नसते, कारण तो पगार प्रकल्प देत नाही.

याच सुमारास एक वेगळी उणीव उघड बोलली जाऊ लागली. शेकडो सदस्यांत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वादाची भाषा हे त्याचे एक कारण होते. चर्चा म्हणजे समोरच्याला चीत करणे, अशी रीत पडून गेली होती. २००४ मध्ये ‘डेबियन विमेन’ हा गट सुरू झाला. वागणुकीचे नियम मतदानाने मंजूर व्हायला मात्र २०१४ साल उजाडले. याला दिरंगाईच म्हटले पाहिजे. तांत्रिक नियमपुस्तक विसाव्या शतकात तयार ठेवणाऱ्या संस्थेला बोलण्याचालण्याचे चार नियम लिहायला वीस वर्षे लागावीत, हे भूषणावह नाही.

२०१४ हेच वर्ष सर्वांत मोठ्या फुटीचे. संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणारा आणि बाकी सगळ्यांना उठवणारा जो प्रोग्राम असतो, त्याच्या जागी ‘सिस्टमडी’ हा नवा प्रोग्राम घ्यायचा की नाही, असा प्रश्न होता. ऐकणाऱ्याला वाटेल, यात भांडण्यासारखे काय आहे. पण युनिक्सची जुनी रीत म्हणजे लहान, सुटे, एकच काम करणारे प्रोग्राम; सिस्टमडी अनेक कामे आपल्याकडे ओढून घेतो. जुन्यांना तो सत्तेचे केंद्रीकरण वाटत होता, नव्यांना तीस वर्षे रखडलेली डागडुजी. प्रकरण आठ जणांच्या तांत्रिक समितीकडे गेले. फेब्रुवारीत मते पडली चारास चार, आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आला. वाद मिटला नाही. नोव्हेंबरमध्ये सर्व सदस्यांचे मतदान झाले. अनेक पर्यायांतून निवडून आला तो असा : या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही! महिनोन्‌महिने भांडून बहुमताने म्हटले, पुरे. त्या काळात तांत्रिक समितीतून जुन्या, मोठ्या मंडळींनी राजीनामे दिले, त्यांत इयन जॅक्सनही होते. जोई हेस यांच्यासारखा सुरुवातीच्या काळापासूनचा बिनीचा कार्यकर्ता प्रकल्पच सोडून गेला. नाराजांनी डेबियनची प्रत घेऊन ‘डेव्हुआन’ हा वेगळा संसार थाटला. परवाना मुक्त असल्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हते, आणि ‘खरी संस्था कुणाची’ म्हणून कोर्टकज्जेही झाले नाहीत. त्याच डिसेंबरात सदस्यांनी आणखी एक ठराव मंजूर केला, तांत्रिक समितीवर राहण्याला मुदत घालणारा. वर्षानुवर्षे त्याच खुर्च्यांवर तीच माणसे, हा रोग त्यांनी भांडणाच्या धुरळ्यातही ओळखला. आपल्याकडच्या किती विश्वस्त मंडळांना हे जमेल, याचा वाचकांनी विचार करावा.

संस्थापक मर्डॉक २८ डिसेंबर २०१५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. नेतृत्व सोडून त्यांना जवळजवळ वीस वर्षे झाली होती. २०१७ ची आवृत्ती त्यांना अर्पण केली गेली. कामकाजात खंड पडला नाही.

भारताशी संबंध जुना असला तरी वार्षिक परिषद इथे यायला सप्टेंबर २०२३ उजाडला. ती केरळात, कोचीला भरली. सहलीच्या दिवशी एका तरुण भारतीय सदस्याचा बुडून मृत्यू झाला आणि परिषदेचे कामकाज थांबवण्यात आले. ज्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांची फक्त पत्रे वाचली होती, ते त्या दिवशी एका छताखाली होते, एवढाच काय तो आधार. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची अधिकृत प्रणालीही तशीच. शाळेच्या प्रयोगशाळेत ते छोटे यंत्र हाताळणारी आपली मुले नकळत डेबियनच वापरत असतात.

सोशल काँट्रॅक्टला २०२२ मध्ये पुन्हा हात लागला. हल्लीच्या लॅपटॉपमधली वायफायसारखी चिप तिच्या उत्पादकाचे बंदिस्त सॉफ्टवेअर मिळाल्याशिवाय जागी होत नाही. तत्त्व पाळून ते सॉफ्टवेअर बाहेर ठेवले, तर नवख्याला डेबियन बसवताच येत नाही. मतदान होऊन वचनाच्या पाचव्या कलमात बदल केला गेला, आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत संचात येऊ लागले. तत्त्वनिष्ठांना ते टोचले. मला निर्णय योग्य वाटतो. वापरणाऱ्यांचे हित पहिले, हे वचनही त्याच कागदावर होते.

या सगळ्या रचनेची अलीकडची परीक्षा २०२४ च्या मार्चची. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या सिड शाखेवर काम करत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. सोडून न देता त्यांनी माग काढला, तेव्हा ‘एक्सझेड’ या फाइली आवळण्याच्या साध्या प्रोग्राममध्ये दडवलेले चोरदार सापडले. २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनहून अधिक वर्षे चांगले काम करून, एकट्या थकलेल्या मूळ मेंटेनरचा विश्वास मिळवून, त्याच्याकडून अधिकार घेतले होते. आणखी काही बनावट वाटणाऱ्या खात्यांनी त्या मेंटेनरवर ‘काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असा दबाव आणला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो सडका भाग पोचला नव्हता. कारण तिथे काहीही घाईने जात नाही. ज्या संथपणाबद्दल प्रकल्प वीस वर्षे बोलणी खात होता, तो त्या आठवड्यात कामी आला. पण धडा डेबियनपुरता नाही. ऑनलाइन समूहात भला माणूस आणि भलेपणाचे सोंग घेतलेला माणूस यांची पत्रे दोन वर्षे सारखीच दिसू शकतात, आणि एकटा पडलेला मेंटेनर हीच सगळ्यांत कच्ची भिंत असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्रिक्सी’ ही १३ क्रमांकाची आवृत्ती निघाली. तिच्यात ६९,८३० पॅकेजे आहेत. डेबियन बसवताना समोर येणारा मजकूर २००९ च्या ५.० या आवृत्तीपासून मराठीतही उपलब्ध आहे. तो काही कुठल्या खात्याने आदेश काढून केलेला नाही, स्वयंसेवकांनी वाक्य वाक्य करून उतरवलेला आहे. आवृत्ती बदलली की वाक्ये बदलतात, नवी येतात, आणि ती मराठीत आणायला माणूस लागतो. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवे असे नाही. नीट मराठी लिहिता येणाऱ्या आणि ईमेल पाठवता येणाऱ्या या स्मरणिकेच्या वाचकांनी एकदा डेबियन मराठीतून बसवून पाहावे, आणि जिथे शब्द खटकेल, अर्थ लागणार नाही किंवा इंग्रजी तसेच राहिलेले दिसेल, तिथली चूक कळवावी. सदस्यत्व लागत नाही, वर्गणी नाही.